पाहिलेलं, वाचलेलं, ऐकलेलं

मुलांना घेऊन जुने अवशेष पाहायला गेलं की मोठी माणसं साधारण दोनच कामं करतात. एक तर पाटीवरची सनावळी मोठ्यानं वाचून दाखवतात, नाहीतर 'तिकडे चढू नकोस' म्हणून ओरडतात. पोरं पहिल्या दहा मिनिटांत कंटाळतात आणि मग त्यांना फक्त कुल्फीची गाडी दिसते. यात दोष मुलांचा नाही. पडक्या भिंतीकडे पाहायचं कसं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. कुणी कधी बांधलं एवढं सांगितलेलं असतं, आणि तेवढं तर पाठ्यपुस्तकातही असतं.

या प्रकरणात आपण एक साधी युक्ती वापरणार आहोत. निघण्यापूर्वी मुलाच्या हातात एक वही द्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखायला सांगा: पाहिलेलं, वाचलेलं, ऐकलेलं. डोळ्यांना दिसलं, हातानं मोजलं ते पहिल्या रकान्यात. शिलालेखात कोरलेलं किंवा त्या काळच्या माणसानं लिहून ठेवलेलं ते दुसऱ्यात. गाईडनं, आजीनं, रिक्षावाल्यानं सांगितलं ते तिसऱ्यात. कुठला रकाना श्रेष्ठ आणि कुठला कमी दर्जाचा, असं काही नाही. फक्त एका रकान्यातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही, एवढाच नियम. इतिहासाचा अभ्यासकही आयुष्यभर हेच करतो. त्याची वही जाड असते इतकंच.

ही वही भरायला ग्वाल्हेरच्या किल्ल्याइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. शहराच्या मध्यभागी जवळजवळ तीन किलोमीटर लांब, शंभरेक मीटर उंच असा वालुकाश्माचा डोंगर उभा आहे. त्याच्या माथ्यावर आणि कडेकपारीत सहाव्या शतकापासून आजपर्यंत माणसांनी काही ना काही केलेलं आहे. प्रतिहार, कच्छपघात, दिल्लीचे सुलतान, तोमर, मुघल, शिंदे, इंग्रज असे सगळे इथे येऊन गेले. आजही किल्ल्यावर गुरुद्वारा आहे आणि १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी सुरू झालेली सिंदिया स्कूल आहे. मराठी वाचकाला तर ग्वाल्हेर परकं नाहीच. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी घातली आणि तिचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. तिथल्या मराठी घरांतली ही कितवी तरी पिढी आहे.

पायी चढा

किल्ल्यावर जायचे दोन रस्ते आहेत. पश्चिमेच्या उरवाई दरवाजानं गाडी थेट वर जाते. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजानं मात्र चालत चढावं लागतं. मुलं बरोबर असली की आपण आपसूक गाडीचा रस्ता धरतो आणि इथेच चुकतो. पायवाटेवर एकामागून एक दरवाजे लागतात, चढ दमवतो, वळणावर वरून कुणीतरी आपल्यावर नेम धरू शकेल हे कळतं. किल्ला कशासाठी बांधतात हे पायांना समजलं की तोंडानं सांगावं लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. मे महिन्यात तिथला दगड तापतो, तेव्हा हा बेत आखू नये.

चढ सुरू होण्याआधी पायथ्याशी गुजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमरानं तो आपल्या मृगनयनी या राणीसाठी बांधला. मृगनयनी गुजर समाजातली होती आणि लग्नाला होकार देताना तिनं आपल्या गावच्या राई नदीचं पाणी महालापर्यंत आणायची अट घातली, असं सांगतात. ही गोष्ट तिसऱ्या रकान्यात लिहायची. आणि लगेच मुलांना विचारायचं: ही गोष्ट पहिल्या रकान्यात आणायची असेल तर काय शोधावं लागेल? एखादं मूल म्हणेल, पाईप. बरोबर. नळ, पन्हळ, हौद, पाण्याचा उतार, यांतलं काही दिसतं का ते पाहायला मुलं आपणहून पळतात. सापडलं नाही तरी हरकत नाही. गोष्टीला पुरावा मागायचा असतो, एवढं त्यांना कळलं की काम झालं.

गुजरी महालात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. ते उभं केलं मो. ब. गर्दे या मराठी माणसानं. ग्वाल्हेर संस्थानानं गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं, त्याचे गर्दे हे पहिले प्रमुख. संस्थान मोठं होतं, विदिशेपासून बाघच्या लेण्यांपर्यंत पसरलेलं. शेतात, नाल्यात, गावाच्या वेशीवर पडलेल्या मूर्ती नोंदवणं, त्यांचे फोटो काढणं, ज्या जागेवर सुरक्षित राहणार नाहीत त्या ग्वाल्हेरला आणणं हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मुलांना राजांची नावं खूप ठाऊक असतात. दगड गोळा करून त्याला क्रमांक देणाऱ्या माणसाचंही एक नाव ठाऊक असू द्यावं.

संग्रहालयात सगळं पाहायचा हट्ट धरू नका. प्रत्येक मुलानं फक्त तीन मूर्ती निवडायच्या आणि त्यांचं काय तुटलं आहे ते लिहायचं. नाक, हात, हातातली वस्तू, पायाची बोटं. यादी झाल्यावर एक गोष्ट मुलांच्याच लक्षात येते: दगडातून बाहेर आलेला भाग आधी जातो. म्हणजे प्रत्येक तुटलेलं नाक कुणी मुद्दाम तोडलेलं असेलच असं नाही. मूर्ती आडवी पडली तरी नाकच आपटतं. हा धडा पुढे उरवाईच्या मूर्तींपाशी कामाला येणार आहे, म्हणून तो इथेच पक्का करून घ्यावा. ग्यारसपूरची शालभंजिका इथली सर्वांत नावाजलेली मूर्ती. तिचे दोन्ही हात आणि पायांचा बराचसा भाग गेला आहे, आणि तरी ती जगभरच्या कलाप्रेमींना हवी असते. हे असं का, हा प्रश्न मुलांवर सोडून पुढे चढावं.

दोनशे सत्तर हात बाग

पायवाटेवर लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे डोंगरातच कोरलेलं एक लहानसं चतुर्भुज मंदिर लागतं. घाईत असलात तर नजरेतून निसटेल इतकं लहान. पण गणित शिकणाऱ्या प्रत्येक मुलानं एकदा तरी यावं अशी ही जागा आहे. मंदिरातल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ अशी नोंद आहे. देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबाग दिली, रोज ५० हार वाहायचे, असा त्यातला व्यवहार आहे. हे आकडे शब्दांत नाहीत, अंकांत कोरलेले आहेत. त्यातल्या २७० आणि ५० मध्ये शून्य आहे: बाकीच्या अंकांपेक्षा जरासं लहान, गोल, आपण आज काढतो तसंच.

शून्याचा शोध इथे लागला, असं मात्र मुलांना सांगू नका. ते खरं नाही. ब्रह्मगुप्तानं शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम इसवी सन ६२८ मध्येच लिहिले होते. कंबोडियातल्या एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, लिहिताना शून्याच्या जागी ठिपका दिलेला आहे. ग्वाल्हेरच्या लेखाचं महत्त्व वेगळं आहे. भारतात दगडावर, तारखेसकट, जागेवर जाऊन पाहता येईल असं हे सर्वांत जुन्या शून्यांपैकी एक आहे. आणखी एक गोष्ट मुलांना दाखवून द्यावी. हा लेख लिहिणाऱ्याला शून्याचं काडीचं कौतुक नाही. त्याला बाग मोजायची आहे आणि हार किती हे सांगायचं आहे. नव्या कल्पनेचं कौतुक ओसरून ती हिशोबाच्या वहीत आली की समजावं, ती समाजात मुरली. नवव्या शतकातल्या ग्वाल्हेरात शून्य इतकं रोजच्या वापरातलं होतं.

आता मोजणी. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मोठ्या माणसाचा तो साधारण ४५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे बाग जवळजवळ १२१ मीटर लांब आणि ८४ मीटर रुंद झाली. मुलाला स्वतःचा हात मोजू द्या. तो ३५ सेंटिमीटर भरला तर तीच बाग साडेचौऱ्याण्णव मीटरची होते. मग भांडण सुरू होतं: हात कुणाचा धरायचा? देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? मोजमापाला एक ठरलेलं परिमाण का लागतं, हे कुठलंही पुस्तक इतक्या चटकन पटवून देणार नाही. तिन्ही रकान्यांपैकी दुसरा सर्वांत भक्कम असं आपण समजतो. पण वाचलेलं कळायलाही हातानं मोजावं लागतं, हेही इथेच कळतं.

नसलेला हत्ती

पुढचा मोठा दरवाजा हाथी पोल. इथे हत्ती नाही. मुलं लगेच विचारतात, मग नाव का? तर एकेकाळी होता. मोरोक्कोहून आलेला इब्न बतूता चौदाव्या शतकात ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दारावरच्या दगडी हत्तीचं आणि माहुताचं वर्णन करतो. १५२८ च्या सप्टेंबरात बाबर इथे येऊन गेला, त्यानंही आपल्या आत्मचरित्रात दारापाशी असलेल्या हत्तीची नोंद केली आहे. पहिला रकाना कोरा, दुसरा भरलेला. नाहीशी झालेली वस्तू नुसत्या लिखाणामुळे कशी टिकते, याचं याहून सोपं उदाहरण नाही.

दरवाजाला लागूनच मानमंदिर. मानसिंह तोमरानं १४८६ ते १५१६ या आपल्या कारकिर्दीत बांधलेला राजवाडा. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशांची नक्षी आहे: बदकांची रांग, हत्ती, मगरी, केळीची झाडं. पाचशे वर्षांच्या ऊनपावसात पुष्कळ फरशा गळून गेल्या तरी निळा रंग अजून डोळ्यांत भरतो. इथे मुलांना एक तपासणीचं काम देता येतं. बाबरानं या वाड्याबद्दल लिहिलं आहे की भिंतीवर हिरव्या फरशांनी केळीची झाडं काढली आहेत आणि तळमजल्यावरच्या खोल्या इतक्या अंधाऱ्या आहेत की आत थोडा वेळ थांबावं तेव्हा कुठे जरासं दिसू लागतं. तर मुलांनो, बाबर खरं बोलतो की थापा मारतो? केळीची झाडं शोधा. मग खाली उतरा, डोळे मिटून पन्नासपर्यंत मोजा आणि उघडा.

खाली गोल खांबांची दालनं आहेत, उजेडासाठी आणि हवेसाठी वरून काढलेले झरोके आहेत. गाईड सांगतात की यांतल्या काही भोकांतून वरच्या मजल्याशी बोलता येत असे. ते तिसऱ्या रकान्यात. मुघलांच्या काळात हाच किल्ला राजघराण्यातल्या कैद्यांचा तुरुंग झाला. औरंगजेबानं आपला भाऊ मुराद याला इथे ठेवलं आणि १६६१ मध्ये इथेच मारलं. जहांगीरानं शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं होतं. सुटका झाली तेव्हा गुरूंच्या अंगरख्याच्या गोंड्यांना धरून ५२ राजे बरोबर बाहेर पडले, अशी शीख परंपरा आहे. त्या आठवणीचा दाता बंदी छोड गुरुद्वारा किल्ल्यावर आहे. लहान मुलांना तुरुंग आणि खून या गोष्टी सांगायच्या का, असा प्रश्न पालक विचारतात. सांगाव्यात, पण रंगवून नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'राजानं भावाला इथे कोंडलं होतं' एवढं पुरे. बारा वर्षांचं मूल भावानं भावाला का मारलं हे विचारणार, आणि त्याला त्याचं उत्तर मिळालं पाहिजे.

तटाच्या कडेशी आलात की मराठ्यांची एक गोष्ट सांगायची आहे. १७८० मध्ये हा किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता आणि अजिंक्य समजला जात होता. ३ ऑगस्टच्या रात्री इंग्रजांचा मेजर पॉपहॅम आणि कॅप्टन ब्रूस यांनी शिड्या लावून तो घेतला. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून शिपायांना मऊ भर घातलेले बूट दिले होते. पुढे तीन-चार वर्षांत महादजी शिंद्यांनी किल्ला परत मिळवला. आपल्या माणसांच्या हातून किल्ला गेला ही गोष्ट मुलांना सांगायला आपण कचरतो. तसं करू नये. तटावरून खाली वाकून पाहिल्यावर मुलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'इथून कुणी चढलं कसं' हा, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे.

छप्पर बघा, काळ कळेल

माथ्यावरून दक्षिणेकडे चालत गेलं की सासबहू मंदिरांची जोडी लागते. थोरल्या मंदिरातला संस्कृत लेख विक्रम संवत ११५०, म्हणजे इसवी सन १०९३ चा आहे. कच्छपघात घराण्यातल्या महिपाल राजानं हे विष्णुमंदिर पुरं केलं. तीन मजली मंडप अजून उभा आहे, शिखर मात्र गेलं आहे. आत गेलात की वर बघा: मधल्या छताचा भार पेलायला चार जाडजूड खांब आहेत. त्यांना पाठ टेकून मुलांना आधी वजन कुठून कुठे जातं ते बोटानं दाखवू द्या, नक्षी त्यानंतर.

तिथून पुढे तेली का मंदिर. आठव्या-नवव्या शतकातलं, साधारण ३० मीटर उंच, किल्ल्यावरची सर्वांत उंच जुनी वास्तू. त्याचं छप्पर निमुळतं होत टोकाला जात नाही. ते लांबट आहे, पालथ्या घातलेल्या होडीसारखं. मुलांनी इथे चित्र काढायचं, पण नक्षीचं नाही, फक्त बाहेरच्या रेषेचं. घरी परतल्यावर त्याच वहीत आपल्या गावच्या देवळाच्या शिखराची रेषा काढायची आणि कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या चैत्यगृहाच्या कमानीची. तिसरी आणि पहिली रेषा एकमेकींच्या जवळ जातात. लाकडाच्या वासे-कमानींनी शाकारलेल्या सभागृहांचा आकार पुढे दगडात उतरला. तो डोंगरातल्या लेण्यांत दिसतो आणि अशा छपरांतही. ओडिशातल्या भुवनेश्वरच्या वैताळ देऊळातही हीच घडण आहे. कुठलीही सनावळी पाठ न करता मुलाला एक मोठी गोष्ट कळते: कारागिरांच्या कल्पना राज्यांच्या सीमा ओलांडून प्रवास करतात.

याच परिसरात सूरजकुंड आहे, आणि आपल्या वहीची खरी परीक्षा इथे होते. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट सगळ्या ग्वाल्हेरला ठाऊक आहे. सूरज सेन नावाच्या सरदाराला कुष्ठरोग होता. डोंगरावरच्या ग्वालिपा साधूनं त्याला कुंडाचं पाणी दिलं, तो बरा झाला आणि त्यानं किल्ला बांधला. दुसऱ्या रकान्यात एक शिलालेख आहे, पण तो आता इथे नाही, कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. हूण राजा मिहिरकुल याच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मातृचेट नावाच्या माणसानं गोप नावाच्या या डोंगरावर सूर्याचं दगडी मंदिर बांधलं, असं तो सांगतो. पहिल्या रकान्यात ते मंदिर नाही, कुंड आहे.

आता तिन्ही रकाने शेजारी ठेवा. सरदाराचं नाव सूरज, कुंडाचं नाव सूरज, हरवलेलं देऊळ सूर्याचं. दंतकथेत तारखा नाहीत, पण सूर्य आहे. लेखात साधू नाही, पण सूर्य आहे. या दोन्हींचा थेट संबंध सिद्ध करता येत नाही, आणि मुलांना तसं स्पष्ट सांगावं. मात्र ऐकीव गोष्ट टाकाऊ नसते, तिच्यात विसरलेल्या एखाद्या गोष्टीचा धागा असू शकतो, ही शक्यता त्यांच्यापुढे ठेवावी. म्हणूनच तिसरा रकाना खोडायचा नाही, फक्त वेगळा ठेवायचा.

तोडलेले चेहरे

उतरताना उरवाईच्या बाजूनं उतरा. इथल्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या. सर्वांत उंच आदिनाथाची मूर्ती १७ मीटरच्या घरात आहे, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी. त्या काळी ग्वाल्हेर जैन विद्येचं मोठं केंद्र होतं. अपभ्रंशात लिहिणारा रइधू कवी इथलाच.

मुलं आधी उंची पाहतात, आणि मग विचारतात: चेहरे असे का? कित्येक मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, काहींवर नंतर डागडुजी केलेली दिसते. इथे दुसरा रकाना अगदी स्वच्छ आहे. बाबरानं स्वतःच लिहून ठेवलं आहे की उरवाईची जागा चांगली, पण तिथल्या नग्न मूर्ती त्याला खटकल्या आणि त्या नष्ट करायचा हुकूम त्यानं दिला. केळीच्या झाडांचं कौतुक करणारा आणि हा हुकूम देणारा माणूस एकच.

या जागी पालक आणि शिक्षक दोन टोकांना जातात. काही जण विषय बदलतात. काही जण त्या हुकुमाचं ओझं आजच्या शेजाऱ्यांच्या माथी मारतात. दोन्हींनी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. गुजरी महालातला धडा इथे आठवायला सांगा: पडून तुटलं की नाक जातं, हात जातो. इथे मूर्ती कड्यातच आहेत, पडलेल्या नाहीत. शरीर बरंचसं शाबूत आणि चेहरा तेवढा फोडलेला. म्हणजे हे हेतुपुरस्सर केलेलं आहे, आणि लिखित पुरावाही तेच सांगतो. मग पुढचा प्रश्न मुलांचाच असू द्या: हुकूम तर सगळं नष्ट करायचा होता, मग शरीरं का राहिली? कुणी म्हणेल वेळ कमी पडला, कुणी म्हणेल उंचावर हात पोचला नसेल, कुणी म्हणेल पाथरवटाला मन झालं नसेल. हे तर्क आहेत. वहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. आणि डागडुजी कुणी केली हेही विचारायचं. तोडणाऱ्याइतकाच दुरुस्त करणाराही इतिहासात असतो, आणि त्याचं नाव बहुधा माहीत नसतं.

डोंगराबाहेर

दुसरा दिवस मोकळा असेल तर मोरेना जिल्ह्यात बटेश्वरला जा. आठव्या ते दहाव्या शतकातली दोनशेच्या आसपास लहान मंदिरं इथे ढासळून दगडांचा ढीग झाला होता. २००५ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या के. के. मुहम्मद यांनी चंबळच्या डाकूंच्या मुलखात ती सावरायचं काम हाती घेतलं. ढिगातला एकेक दगड ओळखून, कुठला कुठे बसतो ते शोधून त्यांच्या चमूनं कित्येक मंदिरं पुन्हा उभी केली. मुलांना उभी मंदिरं आणि शेजारचा न लावलेला ढीग, दोन्ही दाखवा. जवळच मितावलीला टेकडीवर चौसष्ट योगिनींचं वर्तुळाकार मंदिर आहे. दिल्लीचं जुनं संसद भवन यावरून सुचलं, असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. आकार सारखा दिसतो हे खरं. पण त्याचा लेखी पुरावा पुढे आलेला नाही. आतापर्यंत तुमची मुलं ते वाक्य न सांगता तिसऱ्या रकान्यात लिहायला लागलेली असतील.

आणि पवाया. ग्वाल्हेरच्या दक्षिणेला, सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमावरचं हे खेडं म्हणजे प्राचीन पद्मावती नगरी. संस्कृत नाटककार भवभूती हा मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या 'मालतीमाधव' नाटकाचा नायक विदर्भातून शिकायला या पद्मावतीला येतो. नाटकात नद्यांची आणि संगमाची वर्णनं आहेत. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला पद्मावती म्हणजे नरवर वाटलं होतं. गर्दे यांनी नाटकातली वर्णनं आणि जमिनीवरचे अवशेष ताडून पाहिले आणि पवाया हीच पद्मावती असं मांडलं. तिथे खोदकामही केलं. मोठ्या विद्वानाचं मत पुरावा दाखवून बदलता येतं, हे मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना एका दिवसात तीन जागा पुरे. त्यांना शोधायला प्राणी द्या आणि मोजायला पायऱ्या. नऊ ते बारा वर्षांची मुलं तीन रकाने नीट भरतात. त्याहून मोठ्यांना शिलालेखाचं छापील वाचन आधी मिळवून द्या, म्हणजे मूळ लेखासमोर उभं राहून ती एखादं अक्षर ओळखू पाहतील. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. नोव्हेंबरात १९ ते २५ तारखेला जागतिक वारसा सप्ताह असतो, तेव्हा शाळांनी सहल काढली तर प्रदर्शनं आणि माहितगार माणसं भेटण्याची शक्यता जास्त.

भिंतीवर नाव कोरणं हा १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या धाकापेक्षा चतुर्भुज मंदिराचं उदाहरण जास्त लागू पडतं. तिथे अकराशे वर्षांपूर्वी कुणी दगडावर कोरलं, म्हणून आज आपल्याला ते शून्य पाहता येतं. त्यावर आज कुणी बदाम कोरून दोन नावं लिहिली, तर तेवढा दुसरा रकाना कायमचा गेला. मुलांना हा हिशोब एकदा सांगितला की पुरतो.

ग्वाल्हेरला जाणं सगळ्यांना जमेलच असं नाही, आणि त्याची गरजही नाही. महाराष्ट्रात गावोगावी बारव आहेत, गढ्या आहेत, देवळाच्या आवारात वीरगळ उभे आहेत. वीरगळ तर मुलांसाठीच केल्यासारखा असतो. खालून वर वाचायचा: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो. काहींवर खाली गाई कोरलेल्या असतात. मग कळतं की तो वीर गुरं सोडवताना पडला. हा झाला पहिला रकाना. लेख असेल तर दुसरा, आणि तिसऱ्यासाठी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जायचं. वही भरली की तिची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत द्या, कारण बहुतेक वीरगळांची कुठेही नोंद नसते. दगड अजून काही शतकं तिथे राहील. त्याची गोष्ट सांगणारे आजोबा तेवढे थांबणार नाहीत. म्हणून आपल्या गावात सुरुवात करताना वही उलटी भरा, तिसऱ्या रकान्यापासून.